मदत हवी आहे : ओसरीचे कोरीव खांब तुळई न उचलता कसे बदलायचे?

रत्नागिरीकडचं कौलारू घर. ओसरीला चार सागवानी खांब, 6 इंच चौरस, उंची साडेसात फूट. मधले दोन तळाशी फूटभर कुजलेत. मूळ खांब दगडी तळखड्यावर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर) मोकळे उभे होते. नंतर कोबा करताना सिमेंट लाकडाला भिडवलं, पावसाचं पाणी तिथेच मुरत राहिलं. वरची नक्षी मात्र ठणठणीत आहे, स्क्रूड्रायव्हर रुतत नाही.

बेत असा : खांबाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटावर टेकू, खाली जाड फळी, वर स्क्रू जॅक. हायड्रॉलिक जॅक नको, तो रात्रभरात हळूहळू बसतो. एका वेळी एकच खांब, आणि तुळई 2-3 मिलिमीटरपेक्षा जास्त उचलायची नाही, नाहीतर कौलं सरकतील.

अडचण इथेच आहे. खांबाचं कूस, म्हणजे वरच्या टोकाला काढलेली निमुळती जीभ, तुळईत दीड इंच शिरलंय. नवा अखंड खांब बसवायचा तर तुळई तेवढी उचलावी लागेल. त्यापेक्षा कुजका भाग कापून खाली दीड फुटाचा जांभ्या किंवा काळ्या दगडाचा ठोकळा द्यावा का? मध्ये 16 मिलिमीटरची स्टेनलेस सळई पुरेल का, की वाऱ्यात खांब सरकेल? कोणी असा सांधा केला असेल तर मापं जरूर सांगा. मिरगाच्या आत काम उरकायचंय.