परत न गेलेला डबा: परदेशातली आपली माणसं, अनुभव लिहा

घडीची पोळी
आम्ही घर बदलतोय. काल स्वयंपाकघरातलं शेवटचं कपाट उपसताना मागून एक स्टीलचा डबा निघाला. झाकणाला पोचा, बुडाशी कोरलेलं "वास्तुशांत १९८८". त्याखालचं आडनाव झिजलंय, शेवटचं "कर" तेवढं वाचता येतं. आमचं आडनाव "कर"वालं नाही.

नवरा म्हणाला, "टाकून देऊ?" मी नुसतं बघितलं, तो गपचूप खोकी चिकटवायला गेला.

२००६ मध्ये न्यू जर्सीत एडिसनला आलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात हा डबा दिला होता. आत मुगाची खिचडी, वर वाटीत लिंबाचं लोणचं. रिकामा कसा परत करायचा, म्हणून मी शंकरपाळे भरून दिले. मग तिकडून चकल्या आल्या. चार वर्षं तो डबा जिना चढत-उतरत होता. काकू मुलाकडे टेक्ससला गेल्या तेव्हा पाळी माझी होती, ती राहूनच गेली.

तेव्हा भारतात फोन करायचा तर कॉलिंग कार्ड खरवडून लांबलचक पिन दाबायचा. काकूंशी बोलायला मात्र नुसतं खाली उतरायचं. आता फोन फुकट आहे आणि काकूंना शेवटचा कधी केला ते आठवत नाही.

तुमचं असं कोणी? लिहा.

बर्फाचा गोळा
सँडी वादळ!! २०१२ चा ऑक्टोबर, आम्ही पण जर्सीच. आठ दिवस दिवे नाहीत. आमच्या अख्ख्या कॉम्प्लेक्समध्ये विजेच्या शेगड्या, गॅस फक्त पलीकडच्या गल्लीतल्या एका वहिनींकडे. आणि त्यांच्याशी आमचं भिशीवरून वर्षभर बोलणं बंद. पहिल्या संध्याकाळी मी कुकर घेऊन त्यांच्या दारात, काय बोलावं सुचेना. त्या म्हणाल्या, "तांदूळ धुतलेत का?" झालं, मिटलं भांडण.
सात घरं जेवली तिथे. फ्रीजर वितळायला लागले म्हणून आधी दोन दिवस चंगळ, कुणाचं मटण, कुणाच्या पुरणपोळ्या. तिसऱ्या दिवसापासून पिठलं-भात. पेट्रोल गाडीच्या नंबरवर, सम-विषम. त्यामुळे कुणाच्या गाडीचा शेवटचा आकडा काय ते मला आजही पाठ आहे, लग्नाच्या तारखा नाहीत.

अर्धा कप
पिठलं-भात म्हणू नका हो. मीटिंगमध्ये आहे.

निळी छत्री
म्युनिक. इथे रविवारी दुकानं बंद, घरात ड्रिल वगैरे चालवायचं नाही. कुकरच्या शिट्टीबद्दल मात्र कुठे काही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्याच रविवारी वरच्या मजल्यावरच्या आजी दारात, ऐंशीच्या पुढच्या. म्हटलं आता बोलणी खायची. त्यांनी बोट गोल फिरवून "फुस्स्स" केलं आणि भुवया उंचावल्या. मी आत नेऊन कुकर दाखवला. आता शिट्ट्या त्याच मोजतात. परवा जिन्यात थांबवून म्हणाल्या, "काल पाच. चणे?" राजमा होता.
'आपली माणसं'मध्ये हे बसतं का माहीत नाही. पण आमच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असते.

खजूर
बसतं की!
आम्ही दुबई, सोळा वर्षं. इथे मैत्री व्हिसाएवढी. दर जूनला शाळा संपली की कुणीतरी कायमचं जातं आणि सामान वाटून जातं. आमच्या घरात पाच संसार आहेत. सोफा नागपूरवाल्यांचा, मशीन कोचीवाल्यांचं, असंच म्हणतो आम्ही. मुलगी लहान असताना शाळेत "माझा सोफा नागपूरचा आहे" असं निबंधात लिहून आली होती.
२०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार झाली. टोळीचा शुक्रवारचा पोह्यांचा कार्यक्रम तेव्हा मोडला तो मोडलाच.

साधा माणूस
मी जरा खारट लिहितो. आमच्या गावात आपली सव्वीस घरं. दर शनिवारी कुणाकडे तरी जेवण, कोण काय आणणार त्याची एक्सेल शीट. माझी नोकरी गेली, एच-वन व्हिसावर दुसरी नोकरी शोधायला मिळतात ते साठ दिवस सुरू झाले आणि शीटमधून आमची ओळ गायब. "त्यांना कशाला खर्चात पाडा" असा विचार असेल, मान्य. पण एक फोन? दुसरी नोकरी लागली ती ऑफिसातल्या लाहोरच्या मित्राने शब्द टाकला म्हणून. त्याची अम्मी आणि माझी आई आता व्हिडिओवर तासभर गुडघ्यांवर बोलतात, दोघींना एकमेकींचं निम्मं कळत नाही.
शनिवारी आता परत बोलावतात. जातो. बटाट्याची भाजी नेतो, कमी तिखट.

नवीन_पाखरू
विषयाला सोडून आहे, सॉरी. ऑक्टोबरात टोरांटोला जातेय. कुकर, मिक्सर न्यावा का?

अर्धा कप
कुकर हो. मिक्सर नको. तिकडे १२० व्होल्ट, आपला २३० चा, नुसता कण्हेल.

बर्फाचा गोळा
कढीलिंबाचं रोप तिथेच कुणाकडून तरी मिळव. थंडीत घरात, खिडकीशी.

कोरडी भेळ
रोपावरून आठवलं, कॅलिफोर्नियातून कुणी आणून देतो म्हणालं तर नको म्हणा. लिंबू-संत्र्यांचा रोग पसरवणारा किडा कढीलिंबावरही वाढतो, म्हणून तिथल्या क्वारंटाइन भागातून रोप हलवायला मनाई आहे. माझ्या मामेभावाने सांगितलं तेव्हा रोप माझ्या मांडीवर होतं, गाडी चालू.

घडीची पोळी
धागा कढीलिंबावर गेलाच शेवटी :D

मधला जिना
लंडन, जानेवारी २०१७. पहाटे अडीचला फोन, बाबा गेले. भारतात तेव्हा आठ वाजलेले, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर कळवलेलं. मी पलंगावर बसून राहिलो. बायकोने मित्राला फोन केला, तो वीस मिनिटांत घरी. तिकीट त्याने काढलं, बॅग त्याने भरली (चार स्वेटर, एकही शर्ट नाही). हीथ्रोला सोडताना खिशात पाचशेच्या दोन नोटा कोंबल्या, "तिकडे उतरल्यावर टॅक्सीला लागतील." त्याच्या ड्रॉवरमध्ये कधीच्या पडलेल्या. मुंबईत टॅक्सीवाल्याला दिल्या तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. नोटाबंदी होऊन दोन महिने झाले होते. त्या दिवशी मी हसलो तो तेवढाच एकदा.
नोटा अजून पाकिटात आहेत. त्याला सांगितलेलं नाही.

साधा माणूस
सांगा त्याला.

खजूर
नका सांगू.

घडीची पोळी
काल रात्री काकूंना फोन लावला. आवाज ओळखला त्यांनी. डब्याचं सांगितलं तर म्हणाल्या, "अगं तो माझा कुठला? आमच्या आधी तिथे राहायचे त्यांच्या घरून आला होता, नारळाच्या वड्या घेऊन. मीच द्यायची राहिले." मग पंचावन्न मिनिटं. त्या 'कर' कोण, ते त्यांनाही आता आठवत नाही, दांडेकर की पेंढारकर यावर अडलंय.
डबा खोक्यात भरलाय. नव्या घराच्या शेजारी कोण आहे अजून माहीत नाही, गाडीवर कुत्र्याचं स्टिकर आहे एवढंच दिसलं.

नवीन_पाखरू
कुकरच्या रिंगा किती न्याव्यात?

अर्धा कप
चार. आणि एक जादा शिट्टी.