मारिओचा चेंडू झाला, पण खेळ पिनबॉलचा झाला का?

फ्लिपरवेडा
निन्टेंडोच्या हातात धरायच्या गेमबॉय ॲडव्हान्स यंत्रावरचा 'मारिओ पिनबॉल लँड' (२००४; युरोप आणि जपानमध्ये 'सुपर मारिओ बॉल') पुन्हा काढला आणि यावेळी चिकाटीने शेवटपर्यंत खेळलो. मत जुनंच राहिलं: दिसायला देखणा, पण पिनबॉल म्हणून फसलेला.

ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जत्रेत माणसाचा चेंडू करून तोफेतून उडवायचा खेळ असतो. गूम्बा (खलनायक बाउजरचे शिपाई) तोफ फिरवतात आणि चेंडू झालेली राजकन्या पीच थेट बाउजरच्या किल्ल्याकडे उडते. तिला सोडवायला मारिओही चेंडू होतो. एक लांबलचक टेबल नाही, तर एकेका स्क्रीनच्या खोल्या आहेत. तारे मिळवायचे, दारं उघडायची, पुढे जायचं. एकूण तारे ३५.

आता दुखणं कुठे आहे ते सांगतो. खोलीतले सगळे शत्रू उडवले की तारा मिळतो. मी सगळे उडवले, एक उरला. चेंडू त्याला घासून सरळ मधोमध खाली आला, दोन्ही फ्लिपर (चेंडू परत वर मारायच्या तळाच्या दांड्या) हवेत, आणि मारिओ खालच्या खोलीत. परत नेम धरून वर चढलो, तर सगळे शत्रू जागेवर हजर! टेबल माझी मेहनत लक्षात ठेवणार नसेल तर मी ती का करायची? त्यापेक्षा १९९३ चा 'कर्बीज पिनबॉल लँड' कितीतरी सरस. तळाशी पडलात तरी नेमक्या क्षणी बटण दाबलं की कर्बी उसळून परत वर येतो. चुकलेल्याला हात देणारा खेळ आहे तो.

तिसरा_चेंडू
पूर्ण असहमत. तुम्ही ज्याला दोष म्हणता तेच पिनबॉलचं मूळ आहे. खऱ्या टेबलावर चेंडू गेला की गेला, तिथे कोण मेहनत जपून ठेवतं? इथे तर वरच्या खोलीतून पडलात तरी चेंडू गमावत नाही, फक्त एक पायरी खाली येता. आणि कर्बीचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. त्याचंही प्रत्येक टेबल एकावर एक तीन स्क्रीनचं आहे आणि वरून निसटलात की तोही खालच्या मजल्यावरच येतो.

खरं सांगू का, तुम्ही चेंडू आला की लगेच फटका मारताय. फ्लिपर उचलून धरा, मारिओला त्याच्या कुशीत थांबू द्या, मग सोडा. चेंडू फ्लिपरच्या टोकाकडे घरंगळत येतो. उशिरा मारलात तर आडवा जातो, लवकर मारलात तर सरळ वर. हे एकदा हाताला बसलं की त्या शेवटच्या शत्रूला आंधळा फटका मारावा लागत नाही. एक खोली म्हणजे एक नेम शिकायची जागा. मला ही कल्पना फार धाडसी वाटते.

बंपरवर_बंपर
दोघंही स्क्रीनचा आकार विसरताय. पिनबॉलचं टेबल उभं असतं आणि गेमबॉय ॲडव्हान्सची स्क्रीन आडवी, २४० बाय १६०. उभं टेबल आडव्या खिडकीत बसवायचं तर एक तर चित्र चेंडूमागे सरकवा, नाही तर टेबलाचे तुकडे करा. 'सोनिक पिनबॉल पार्टी'ने (२००३) पहिला रस्ता धरला, मारिओने दुसरा. तुकडे केल्यावर चेंडूला वर जायला जागाच कमी, म्हणून तो लगेच परत अंगावर येतो. मारिओनंतर पुढच्याच वर्षी 'मेट्रॉइड प्राइम पिनबॉल' आला. तोही मारिओवाल्याच फ्यूज गेम्सचा. तिथे निन्टेंडोच्याच डीएस यंत्राच्या दोन स्क्रीन एकाखाली एक मिळाल्या आणि टेबलाला हवी ती उंची आली. म्हणून मी दोष मारिओला कमी देतो, यंत्राला जास्त.

फ्लिपरवेडा
@तिसरा_चेंडू, कर्बीच्या मजल्यांबद्दल बरोबर आहात, तो मुद्दा मी मागे घेतो. चेंडू थांबवून मारायचं तंत्रही खरं आहे, कालच करून पाहिलं, नेम सुधारला. पण खाली पडणं ही माझी तक्रार नव्हतीच, मांडताना मीच गल्लत केली. तक्रार आहे शत्रू परत येण्याची. पिनबॉल टेबल मेहनत जपत नाही हे खरं, पण तिथे गुण तरी मिळालेले राहतात. इथे ध्येय ताऱ्याचं आहे आणि अर्ध्या ताऱ्याची नोंद कुठेच नाही.

१९९९ चा 'पोकेमॉन पिनबॉल' बघा. बंपरवर (चेंडू उसळवणाऱ्या खुंट्यांवर) आदळत चित्राचे तुकडे उघडायचे, मग पोकेमॉन पकडायचा. वेळ संपला तर तो निसटतो, पण आधी पकडलेला प्रत्येक पोकेमॉन पोकेडेक्समध्ये (पकडलेल्यांच्या यादीत) कायमचा. शिवाय खेळाच्या काडतुसातच (यंत्रात खोचायच्या डबीत) एक एएए बॅटरी होती, चेंडू आपटला की हातातलं यंत्र थरथरायचं. तळहाताला टेबल जाणवायचं. मारिओकडे असं काय आहे?

तिसरा_चेंडू
मिळवलेला तारा मारिओमध्येही कायमचाच राहतो की! पोकेमॉनही अर्धा पकडला तर हातात काही उरत नाही. मग नियम एकच झाला ना? तुम्हाला तो एका ठिकाणी गोड लागतो आणि दुसरीकडे कडू, कारण मारिओकडून तुम्ही धावण्या-उड्यांच्या खेळातली प्रगती धरून बसलाय.

फ्लिपरवेडा
हो, धरून बसलोय, कारण दारं, खोल्या आणि बाउजर दाखवून खेळानेच तसं सांगितलंय. पोकेमॉन पुन्हा कुठलाही समोर येतो, म्हणून हुकल्याचं काही वाटत नाही. इथे तीच खोली, तेच शत्रू, त्याच जागी. चार मारले असतील तर निदान दोन तरी मेलेले राहू द्यायला हवे होते.

तिसरा_चेंडू
दोन मेलेले राहिले तर पुढच्या खेपेला नेम धरायची गरजच संपते, नुसता चेंडू उडवत राहिलं तरी तारा मिळेल. मला ते सगळे उभे असलेलेच हवेत.