लग्नाच्या अल्बमसाठी मॉनिटर: पैसा पॅनेलवर घालायचा की कॅलिब्रेटरवर? (फोटोवाल्यांच्या धाग्यातली चर्चा, टोपणनावांनी)

दारव्ह्याचा शटर
लग्नसराई आटोपली की आमच्या तालुक्यातल्या फोटोवाल्यांमध्ये मॉनिटर बदलायचा विषय निघतोच. यवतमाळला दुकानात गेलं की २७ इंची फोर-के समोर ठेवतात, "फोटोवाले हाच नेऊन राहिले" म्हणतात. माझं मत साफ आहे. अल्बमचं काम करणाऱ्याला त्याची गरज नाही. २४ इंची, आयपीएस पॅनेल (कुठल्याही बाजूनं बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा पडदा), एसआरजीबी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं नेहमीचं माप) ९९-१०० टक्के, एवढं बघा आणि वाचलेले पैसे कॅलिब्रेटरमध्ये, म्हणजे स्क्रीनचा रंग मोजून जागेवर आणणाऱ्या यंत्रात, घाला. आपली फाइल शेवटी नागपूर-अमरावतीच्या लॅबमध्ये जाते, आणि तिथे बहुतेक ठिकाणी एसआरजीबीतली जेपेगच मागतात. त्यापलीकडचा रंग फाइलमध्येच नाही तर कागदावर कुठून उतरणार?

आयपीएसवर मात्र तडजोड नको. फोटो निवडायला घरचं अख्खं लटांबर येतं. नवरदेवाची आई खुर्चीवर, मामा मागे उभे, पोट्टे टेबलाला लोंबकळलेले. स्वस्तातल्या टीएन पॅनेलवर उभ्या मामाला नवरी पांढरीफटक दिसते, खालून बघणाऱ्या पोराला काळवंडलेली, अन् दोघंही तुम्हालाच म्हणतात रंग बिघडवला.

बोला आता.

कोलारा गेट
आयपीएस मान्य. बाकीचं "गरज नाही" मान्य नाही. एसआरजीबी हे १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं त्या काळचे काचेचे डबडे मॉनिटर समोर ठेवून ठरवलेलं माप आहे. त्यालाच किती दिवस कवटाळून बसायचं? मी ताडोबाच्या बाजूला राहतो, रिसॉर्टवाल्यांना मोठे प्रिंट करून देतो. नीलपंख उडताना पंखात जो फिरोजी रंग चमकतो, तो एसआरजीबीच्या स्क्रीनवर मेलेला दिसतो. चांगला इंकजेट प्रिंटर हिरव्या-निळ्याच्या बाजूला एसआरजीबीच्या बाहेर जातो, म्हणजे कागदावर येणारा रंग मला स्क्रीनवर दिसतच नाही. अॅडोबी आरजीबी, म्हणजे एसआरजीबीपेक्षा मोठं माप, दाखवणारा मॉनिटर लागतोच. लग्नवाल्यांनाही लागतो. शालूचा लाल बघा कसा चिकटून सपाट होतो, जरीकाठ वेगळा निघत नाही.

दारव्ह्याचा शटर
नीलपंख तुमचा, शालू माझा. रंगांचं माप त्रिकोणात मांडतात, त्यात अॅडोबी आरजीबीचा लाल कोपरा आणि निळा कोपरा अगदी एसआरजीबीचेच आहेत, फक्त हिरवा कोपरा पुढे सरकवलाय. म्हणून तुमच्या पक्ष्याला फायदा होतो, शालूला जवळजवळ नाही. लाल बाजूला वाढ हवी तर पी३ वाला मॉनिटर बघावा लागतो. आणि शालू सपाट होतो तो बरेचदा लाल चॅनेल फुटल्यामुळे, म्हणजे लाल इतका जास्त होतो की त्यातला बारकावा उडतो. एक्स्पोजर थोडं खाली ठेवून काढा, जरीकाठ येतो की नाही बघा.

शिवाय वाईड गॅमटचा, म्हणजे जास्त रंग दाखवणारा, मॉनिटर आणून नुसता जोडला, प्रोफाइल (स्क्रीनचे रंग कम्प्युटरला सांगणारी फाइल) लावलं नाही, तर साध्या फोटो व्ह्यूअरमध्ये हळदीचा पिवळा पेटल्यासारखा दिसतो. आपला माणूस घाबरून सॅच्युरेशन उतरवतो आणि अल्बम आजाऱ्यासारखा फिका येतो.

कोलारा गेट
त्यासाठी मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी मोड असतो. बटन दाबा, झालं.

दारव्ह्याचा शटर
असतो. आणि बऱ्याच मॉडेलांत तो लावला की ब्राइटनेसचं बटन बंद पडतं. घेण्याआधी दुकानातच दाबून बघा.

जुना निगेटिव्ह
तुमी पोट्टे कायले एवढा खर्च करता? म्या रोलच्या जमान्यापासून धंदा करून राहिलो. माह्या लॅबवाला करेक्शन करते, प्लेटमागं दोन पैसे जास्त घेते, पण रंग झकास देते. त्याची मशीन लाखोंची, तुमचा डबा कितीचा?

पुसद कलर
काका, करेक्शनवाला हुशार असेल तर ठीक. ऑटोवर टाकलं तर हळदीचे फोटो काढून बघा. सगळी फ्रेम पिवळी, मशीनला वाटतं रंगाची झाक बसलीय, ती पिवळा काढायला जाते. हळद कोमेजते आणि नवरदेवाची पांढरी बनियान निळसर होऊन येते. म्हणून हळदीच्या फाइलवर मी "नो करेक्शन" लिहूनच पाठवतो. पण तसं लिहायचं तर आपली स्क्रीन खरी पाहिजे.

तरी मूळ धाग्याशी माझं भांडण आहेच. कॅलिब्रेटर पॅनेलला शिस्त लावतो, नवा रंग देत नाही. आपल्यातले निम्मे लोक लॅपटॉपवर काम करतात, आणि स्वस्त लॅपटॉपच्या कागदावर "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं असतं, एनटीएससी हे रंगांचं जुनं, मोठं माप. म्हणजे एसआरजीबीचे ढोबळमानाने दोन तृतीयांशच रंग. त्याला कितीही कॅलिब्रेट करा, शेंदरी आणि लाल एकसारखेच दिसणार. ७२ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर साधारण पूर्ण एसआरजीबी समजा. आधी पॅनेल, मग कॅलिब्रेटर. १५-२० हजारांचा तो डबा महिन्यातून एकदा वापरायचा, बाकीचे दिवस कपाटात.

दारव्ह्याचा शटर
म्हणूनच पाच जणांनी मिळून घ्यायचा. महिन्याला एकेकाच्या दुकानात फिरवायचा.

पुसद कलर
आमच्याकडे शेतीचा पंप भागीदारीत टिकत नाही, तुम्ही कॅलिब्रेटर टिकवता!

खामगाव ५० एमएम
पॅनेल, गॅमट, सगळं बोलून झालं, खोलीबद्दल कोणीच बोललं नाही. आपल्याकडे दुकान म्हणजे शटर वर, समोर डांबरी रस्ता, एप्रिलचं ऊन थेट आत. भिंतीला पोपटी ऑइलपेंट, डोक्यावर ट्यूबलाइट. दिसत नाही म्हणून ब्राइटनेस १०० वर. नवा मॉनिटर त्या जागी २५०-३०० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) ओकतो. एवढ्या उजेडात तुम्ही फोटो बसवला की तो हमखास गडद बसतो, आणि मग "लॅबवाल्यानं काळे प्रिंट दिले" म्हणून त्याच्याशी भांडण. छपाईचं काम १०० ते १२० निट्सच्या आसपास करतात, पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारा आकडा) २.२. पण १२० वर काम करायचं तर आधी खोलीतला उजेड मारावा लागतो.

माझा सल्ला: मॉनिटर आतल्या खोलीत न्या, बसताना तुमची पाठ दाराकडे नको, समोरच्या आणि मागच्या भिंतीला फिका राखाडी डिस्टेंपर. कामाला बसताना भडक शर्टही नको, तो स्क्रीनवर उतरतो. चालू केल्यावर अर्धा तास गरम होऊ द्या, मग रंगाला हात लावा.

कोलारा गेट
आतल्या खोलीत मे महिन्यात? कूलर कुठे लावता ते सांगा आधी.

खामगाव ५० एमएम
कूलर खिडकीत, खिडकीला काळा पडदा. रंगाचं काम रात्री नऊनंतर. लाइट गेली तरी २४ इंची एलईडी मॉनिटर वीस-तीस वॅट खातो, इन्व्हर्टर आरामात ओढतो. सीपीयूला मात्र वेगळा यूपीएस ठेवा.

सेमाडोह रिटर्न
मी सगळ्यांच्या विरोधात. अल्बम वर्षातून एकदा उघडतात, फोटो बघतात मोबाइलवर. पाहुण्यांच्या फोनवर रंग भडक करणारा व्हिविड मोड लागलेला असतो. तुमचं कॅलिब्रेशन तिथे कोण बघतं?

पुसद कलर
प्रत्येकाचा फोन वेगळ्या बाजूला झुकलेला, म्हणून तर आपली फाइल मधोमध पाहिजे. तुमची स्क्रीनच निळसर असेल तर तुम्ही फोटो पिवळा करून पाठवणार, आणि ज्याचा फोन आधीच पिवळट त्याला कावीळ झालेली नवरी दिसणार.

सेमाडोह रिटर्न
त्यासाठी चार जणांच्या फोनवर पाठवून बघतो मी. फुकट होते.

जुना निगेटिव्ह
हे लिखापढीचं जाऊ द्या. असं करू. एकच फाइल दोनदा काढू, एक या दारव्हेवाल्यानं बसवलेली, एक माह्या लॅबवाल्याच्या करेक्शनची. नवरदेवाच्या मायले दाखवू, ते ज्याले हात लावन तो खरा.

दारव्ह्याचा शटर
मंजूर. हळदीचाच फोटो घ्या.

खामगाव ५० एमएम
दोन्ही एकाच कागदावर, एकाच साइजमध्ये काढा. आणि दाखवायचे ते अंगणात सावलीत, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही.