६बीटीचा खर्च: टर्बोआधी ब्लॉकचं माप घ्या

दादा, ५.९ लिटरच्या कमिन्स ६बीटी डिझेल इंजिनाची ताकद वाढवायला मोठा टर्बो (जादा हवा कोंबणारा पंखा) नि मोठे नोझल (डिझेल फवारणारे) आधी घ्यायचे, बाकीचं नंतर बघू, असं तुम्ही म्हणताय. मला हा क्रम धोक्याचा वाटतो. आधी इंजिन उघडा, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) मोजून घ्या, मगच खर्चाचे आकडे मांडा.

या ब्लॉकला लाईनर, म्हणजे बदलता येणाऱ्या आतल्या नळ्या, नसतात, पिस्टन थेट ब्लॉकमध्येच चालतो. मूळ बोअर १०२ मिमी. झीज जास्त निघाली तर ओव्हरसाइज बोअरिंग (बोअर कापून मोठा करणं), होनिंग (आतून घासून नीट करणं), नवे पिस्टन-रिंग असा सगळा खर्च एकदम समोर येतो. टर्बोत पैसे आधीच अडकले असतील तर मग या मशीनच्या कामात काटकसर होते, आणि ती तिथे अजिबात परवडत नाही. नाशिकच्या अंबड-सातपूरला चांगले मशीनवाले आहेत. दर ठरवण्याआधी बोअर गेज लावून, लेखी माप देणारा निवडा. इंजिनच्या पुढच्या बाजूच्या टायमिंग केसमधली (गिअरच्या पेटीतली) डॉवेल पिन, म्हणजे छोटी खुंटी, तीही आताच पक्की करून घ्या. जुन्या ६बीटीत ती सुटून गिअरमध्ये पडू शकते.

माझ्या मते एकूण रकमेचा पाचवा हिस्सा तरी हात न लावता बाजूला ठेवा. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), हेड स्टड (सिलिंडर हेड घट्ट धरणारे), क्लच यादीत हवेतच. एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर इंजिनला जाणारं डिझेल वाढवायच्या आधी बसवा: मुंबईहून भरलेली गाडी कसारा घाट चढते तेव्हा इंजिन बराच वेळ पूर्ण लोडवर असतं, आणि जादा डिझेलने पिस्टन वितळतात ते अशाच चढाला.

आरटीओचे नियमही आधीच विचारून घ्या. गाडी धंद्याची आहे की फक्त हौसेची, तेवढं सांगा, म्हणजे टर्बोच्या साइजवर बोलता येईल.