ट्रॅकवर चालवण्यासाठी जुनी बॉक्स्टर घ्यावी की जुनी सिटी?

साचेकाम (शिरोली)

नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत नोकरी करतो, वय ४२. गेली तीन वर्षे कोल्हापुरातल्या मोहिते यांच्या ट्रॅकवर गो-कार्ट चालवत आलो आहे. आता स्वतःची गाडी घेऊन वर्षातून तीन-चार वेळा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जावे, असे मनाने घेतले आहे. शर्यतीत उतरायचे नाही, केवळ ट्रॅक डेला (ट्रॅक हौशी चालकांना खुला असतो त्या दिवशी) गाडी मनसोक्त चालवायची आहे.

पुण्यात २००६ ची, २.७ लिटर इंजिनाची पोर्श बॉक्स्टर पाहून आलो. मालक १८ लाख सांगतात आणि माझी तयारी सगळे मिळून २० लाखांची आहे (हा आकडा घरी अजून सांगितलेला नाही). दुसरीकडे इचलकरंजीत २००२ ची होंडा सिटी व्हीटेक पावणेदोन लाखांना मिळते आहे. मन अर्थातच बॉक्स्टरकडे ओढ घेते. जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

उद्यमनगरचा लेथ

साहेब, १८ लाखांची गाडी २० लाखांत ट्रॅकवर चालवता येत नाही, हे आधी सांगतो आणि मग कारण सांगतो. त्या पिढीच्या बॉक्स्टरच्या इंजिनात क्रँककडून कॅमशाफ्टकडे गती नेणारा एक मधला शाफ्ट असतो आणि त्याच्या टोकाचे बेअरिंग हे त्या इंजिनाचे जुने दुखणे आहे. ते बेअरिंग गेले की कॅमचे टायमिंग सुटते, वाल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपते. २००६ च्या इंजिनात हे बेअरिंग आधीपेक्षा मोठे असल्याने ते जाण्याचे प्रमाण कमी आहे; मात्र ते बदलायचे झाल्यास क्रँककेस उघडावी लागते, म्हणजे इंजिन पूर्ण खोलणे आले. आपल्या उद्यमनगरात हेडला फेस मारून मिळेल, बुश वळून मिळेल, एखादा ब्रॅकेट संध्याकाळपर्यंत हातात पडेल. पण हे इंजिन खोलून पुन्हा बांधण्याचा सराव असलेला मिस्त्री गावात शोधत बसाल.

दुसरे असे की, करीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे आणि इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा. तिथे नवख्या माणसाला अडीचशेच्या घरातली अश्वशक्ती फारशी उपयोगी पडत नाही, कारण जो वेळ जातो तो वळणात शिरताना केलेल्या चुकांमुळे जातो. सिटीची शंभर-सव्वाशेच्या आतली ताकद त्या चुका उघड्या पाडते आणि माफही करते. टायर, ब्रेक पॅड आणि क्लचप्लेट या तिन्हींचा खर्च दोन्ही गाड्यांसाठी विचारून पाहा, मग बोलू.

तिसरा लॅप

गाडी कोणतीही घ्या, ब्रेकचे काय करणार ते आधी ठरवा. माझी गोष्ट सांगतो. जुनी हॅचबॅक घेऊन मी पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो, तेव्हा जाण्यापूर्वी एका गॅरेजमध्ये पूर्ण सर्व्हिसिंग करून घेतले होते आणि बिलावर ‘ब्रेक ऑइल’ असे स्पष्ट लिहिलेले होते. तिसऱ्या लॅपला सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय दाबला, तर पेडल कापसात रुतावे तसे खाली गेले आणि तळाला टेकले. दोन-तीनदा भरभर पंप केल्यावर थोडा दाब आला, तोवर गाडी वळण सोडून मातीत शिरली होती. कोणाला काही लागले नाही. पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) येऊन ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडले, तर आत कोऱ्या चहाच्या रंगाचे ऑइल होते. गॅरेजवाल्याने जुन्यावरच नवे ओतून पातळी पूर्ण केली होती.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू प्रमाणानुसार किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरला तरी ते प्रमाणात बसते. रस्त्यावर हे कळत नाही, पण ट्रॅकवर कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) इतके तापतात की ऑइलला उकळी फुटते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय त्या बुडबुड्यांनाच दाबत राहतो. त्यामुळे आता ट्रॅकवर जाण्यापूर्वी दर वेळी मी स्वतः चारही चाकांचे ब्लीडिंग करतो (जुने ऑइल आणि हवा बाहेर काढतो), ट्रॅकवरून आल्यावर हँडब्रेक ओढून ठेवत नाही आणि शेवटचा लॅप ब्रेक न वापरता सावकाश फिरवून सगळे निवू देतो.

पन्हाळ्याचे धुके

वरील मंडळींचे म्हणणे रास्त आहे, तरीही बॉक्स्टरच्या बाजूने एक शब्द टाकतो. इंजिन मध्ये असलेली गाडी वळणात जशी फिरते, तसा अनुभव सिटी कितीही सजवली तरी मिळणार नाही. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार पाहण्यासाठी ताटकळणाऱ्या गावाला हे निराळे सांगायला नको. मात्र घ्यायचीच असेल, तर ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचा चुरा आहे का ते पाहिल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका, आणि खरेदीइतकीच रक्कम बाजूला नसेल तर हा विचार दोन वर्षे पुढे ढकला.

कागदपत्रे आधी

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी आरटीओची तपासणी आणि पर्यावरण कर भरून नूतनीकरण करावे लागते. तेव्हा दोन्ही गाड्यांच्या आरसी बुकावरील मुदत पाहा आणि कर्जाचा बोजा उतरला आहे का तेही पाहा. रोल केज (गाडी उलटल्यास वाचवणारा आतला लोखंडी सांगाडा) बसवून, सीट काढून गाडी रस्त्यावर चालवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकते. नेहमीच्या विमा पॉलिसीतून शर्यत आणि वेगचाचणी स्पष्ट वगळलेली असते, त्यामुळे ट्रॅकवरचे नुकसान आपल्याच खिशातून जाते. दोन्ही ट्रॅक इथून नऊशेहून अधिक किलोमीटर आहेत. गाडी चालवत नेणार असाल, तर मोडल्यावर ती कागलपर्यंत परत कशी आणायची, याचाही हिशेब मांडा.

साचेकाम (शिरोली)

सर्वांचे आभार. टायर आणि पॅडचे भाव दोन्हीकडे विचारले आणि बॉक्स्टरचा विषय तूर्त मिटला. रविवारी सकाळी सिटी पाहायला इचलकरंजीला जात आहे. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मालकांकडे नाही, म्हणजे तो बदललेला नाही असे धरूनच भाव करीन. बॉडीत पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरली आहे का ते पाहण्यासाठी लोहचुंबक घेतला आहे. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचे यंत्र) कोणाकडे मिळेल का?

उद्यमनगरचा लेथ

माझ्याकडे आहे, शनिवारी दुकानातून घेऊन जा. मालकांना आजच फोन करून सांगा की, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गार इंजिन पहिल्यांदा कसे उठते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, ते आधी पाहा. मग इंजिन चांगले गरम करा, चारही प्लग काढा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून एकेका सिलिंडरचे माप घ्या. चारही आकडे लिहून आणा; एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल, तर तिथे काहीही न बोलता चहा पिऊन परत या.