सोसायटीची कामं ट्रेलो ॲपच्या बोर्डवर आणावीत का? की व्हॉट्सॲप ग्रुप पुरे?

नेरूळकर_सेक्रेटरी:
नेरूळला सिडकोची जुनी बिल्डिंग, ४० फ्लॅट, कमिटीत सात जण आणि सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. मागच्या मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गच्चीच्या लीकेजचा फोटो ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अंगठा दिला, मग त्यावर दोन वाढदिवस आणि ढीगभर गुड मॉर्निंग येऊन पडले आणि जूनमध्ये काकूंच्या हॉलमध्ये बादल्या लागल्या. कोणी मुद्दाम केलं नाही हो, काम डोळ्यासमोरून गेलं एवढंच. आता मी ट्रेलोवर बोर्ड केलाय, आलेलं, चालू, झालं असे तीन रकाने. एका कामाचं एक कार्ड, त्यातच फोटो, कोटेशनं, कोणाकडे आहे आणि कधीपर्यंत. प्रत्येक सोसायटीने हे करावंच असं माझं ठाम मत आहे.

नौपाडा_जुना_मेंबर:
असहमत. ११ वर्षं कमिटीत आहे. कार्ड इकडून तिकडे सरकवलं म्हणजे निर्णय होत नाही सेक्रेटरी साहेब, त्याला ठराव लागतो आणि तो मिनिट बुकातच लागतो. आमचे निम्मे मेंबर सत्तरीच्या पुढचे. शेजारच्या सोसायटीत एका मुलाने असंच काहीतरी चालू केलं, तो पुण्याला गेला आणि त्याच्याबरोबर पासवर्डही गेला, सगळी कोटेशनं परत मागवावी लागली.

नेरूळकर_सेक्रेटरी:
काका, मिनिट बुक कुठे काढतोय? ठराव झाल्यावर कामाचं पुढे काय झालं ते मिनिट बुकात पुढच्या मीटिंगपर्यंत दिसत नाही, मधले दोन महिने कोण बघणार? आणि पासवर्डचं म्हणाल तर ॲडमिन दोघे ठेवलेत.

रबाळे_प्लॅनिंगवाली:
मी रबाळ्याच्या कारखान्यात प्लॅनिंग बघते म्हणून बोलते. ट्रेलो २०११ चं, २०१७ मध्ये अटलासियनने ४२.५ कोटी डॉलरला घेतलं, पण मूळ कल्पना टोयोटाच्या कानबानची, म्हणजे कार्डांवर काम चालवायच्या पद्धतीची. तिथल्या ताईची ओहनो या इंजिनिअरनी अमेरिकन सुपरमार्केटची पद्धत कारखान्यात आणली, फळीवरचा माल उचलला गेला की तेवढाच परत भरायचा. म्हणजे कार्ड हे आठवण ठेवायला नव्हतंच, जास्त काम अंगावर घेऊ नये म्हणून होतं! दादा, तुमच्या 'चालू'मध्ये आत्ता किती कार्डं आहेत?

नेरूळकर_सेक्रेटरी:
१९.

रबाळे_प्लॅनिंगवाली:
मग तो बोर्ड नाही, तुमचा व्हॉट्सॲप ग्रुपच आडवा मांडलाय. 'चालू'त तीनच ठेवा. एक संपल्याशिवाय चौथं घ्यायचं नाही.

घोडबंदर_बी_विंग:
ताई कारखान्यात ठीक आहे, सोसायटीत कसं जमेल? रात्री पंप जळाला तर तीन कामं चालू आहेत म्हणून टँकर नको का मागवायला? आणि आमची अर्धी कामं आमच्या हातातच नसतात, लिफ्टवाला पार्ट येतोय म्हणून १५ दिवस लटकवतो. त्यासाठी वेगळा रकाना हवा, 'व्हेंडरकडे'.

रबाळे_प्लॅनिंगवाली:
पंपाचं मान्य, तातडीचं काम रांगेबाहेर. पण 'व्हेंडरकडे' रकान्याला माझा कडक विरोध, कारण कार्ड तिथे गेलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि फोन कोणीच करत नाही. रकाना केलाच तर प्रत्येक कार्डावर पुढचा फोन कोण करणार आणि कुठल्या वारी, हे लिहा.

नौपाडा_जुना_मेंबर:
ॲपला माझा विरोध कायम आहे, पण तारखांचं पटतं. अग्निसुरक्षेचं बी फॉर्म सर्टिफिकेट जानेवारी आणि जुलैत, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, स्ट्रक्चरल ऑडिट १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी, हे सेक्रेटरी बदलला की हमखास विसरतं. मोबाइलमध्ये सात जणच बघणार, खाली लिफ्टपाशी पांढरा बोर्ड लावा आणि चिकटवायच्या चिठ्ठ्या लावा, दूधवाल्यालाही कळेल गच्चीचं काम कुठे अडलंय.

नेरूळकर_सेक्रेटरी:
हे करतो काका. फोटो आणि कोटेशनं ट्रेलोवरच राहतील, ती भिंतीवर मावणार नाहीत, पण चिठ्ठ्या लिफ्टपाशी. १९ पैकी १६ कार्डं आत्ताच मागे नेली, रंगकाम आणि पार्किंगचे पट्टे थांबतील. 'चालू'त गच्चीचं वॉटरप्रूफिंग, टाकी सफाई आणि गटार. वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन मीच करणार, सोमवारी.