हेगच्या निकालांतले दाखले मोजताना एकक काय धरावे?

प्रश्न
हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय स्वतःचे जुने निकाल किती आणि कशासाठी उद्धृत करते, हे मोजायचे आहे. न्यायालयाच्या संविधीच्या (स्थापनेच्या नियमावलीच्या) कलम ५९ प्रमाणे निकाल फक्त त्या पक्षकारांना आणि त्या खटल्यापुरताच बांधतो, तरीही दाखले येतच राहतात. 'कोणत्या निकालात कोणता निकाल' एवढा तक्ता पुरेल का?

उत्तर १
नाही पुरणार. एकक परिच्छेद धरा. कुलभूषण जाधव निकालात (१७ जुलै २०१९) अव्हेना निकालाचा (मेक्सिको विरुद्ध अमेरिका, २००४) खरा भार उपायाच्या, म्हणजे काय दिलासा द्यायचा त्या भागात आहे. भारताने शिक्षा रद्द करून सुटका मागितली होती. न्यायालयाने अव्हेनाच्याच वाटेने जाऊन पुनर्विलोकन आणि फेरविचार एवढेच दिले. निकालांच्या तक्त्यात अव्हेनापुढे नुसती खूण उमटते, हे दिसत नाही.

आणि पक्षकारांचे म्हणणे आधी वेगळे काढा. 'भारताचे म्हणणे असे' या परिच्छेदातला दाखला वकिलांचा आहे, न्यायालयाचा नाही. माझ्या मते सर्वात मोठी चूक इथेच होते. न्यायाधीशांची स्वतंत्र आणि भिन्न मतेही वेगळ्या रकान्यात ठेवा.

उत्तर २
नावावरून शोध घेऊ नका. 'निकाराग्वा' शोधलेत तर १९८४चा अधिकारक्षेत्राचा निकाल, १९८६चा मूळ वादावरचा निकाल आणि खुद्द देशाचे नाव, सगळे एकाच ढिगात पडते. नाव, वर्ष आणि पान किंवा परिच्छेद क्रमांक मिळून एक ओळख करा. कॉर्फू चॅनेलच्या (१९४९) निकालात क्रमांकित परिच्छेद नाहीत, म्हणून त्याचा दाखला पानाने येतो (पान २२ तर नेहमीचेच). ते पान हाताने उताऱ्याशी जोडावे लागेल. जुन्या छापील खंडांत फ्रेंच आणि इंग्रजी पाने समोरासमोर असतात, तेव्हा मजकूर काढताना एक भाषा गाळा, नाहीतर प्रत्येक दाखला दोनदा मोजला जाईल.

प्रश्नकर्ता
मग कोणता निकाल वजनदार, हे पेजरँकने (कोण कोणाला उद्धृत करतो या दुव्यांवरून महत्त्व मोजणाऱ्या पद्धतीने) ठरवू का?

उत्तर १
जपून. दाखला नेहमी मागेच जातो, त्यामुळे पेजरँकचे वजन झिरपत जुन्या निकालांत साचते. १९४९च्या निकालाला सत्तरहून जास्त वर्षे मिळाली, २०१९च्याला थोडीच. प्रत्येक निकालानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतलेच दाखले मोजून तुलना करा. अंतरिम उपायांच्या आदेशांतले ठरावीक साच्याचे दाखलेही बाजूला काढा, नाहीतर तेच आकडा फुगवतील.

दाखला अनुसरण्यासाठी आहे की वेगळेपण दाखवण्यासाठी, हे यंत्रावर सोडू नका. पन्नासेक परिच्छेद दोघांनी एकमेकांचे न पाहता वाचावेत, जुळणी कोहेनच्या कप्पाने (योगायोगाने होणारी जुळणी वगळून सहमती मोजणाऱ्या आकड्याने) तपासावी, आणि जिथे मतभेद होतील तिथे व्याख्या सुधारून मगच पुढचे वाचायला घ्यावे.